पलटणीतून परतलेल्यांची जबानी

महाडहून निघालेला रस्ता पाचाडास पोहोचतो तेव्हा प्रवाशाची दृष्टी साहजिकच वर, रायगडाच्या कड्यांकडे लागलेली असते. फार तर तो जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी थांबतो, गडावरची थंड हवा मातुःश्रींच्या प्रकृतीस मानवेना म्हणून महाराजांनी खाली बांधविलेल्या वाड्याचे चौथरे पाहतो, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या येथेच निवर्तल्या हे स्मरून हात जोडतो आणि गडाच्या वाटेला लागतो. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु ज्या खोऱ्यातून तो आला, त्या काळ, गांधारी आणि सावित्री या नद्यांच्या काठच्या गावांत, महाडच्या वाड्यांत आणि पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील कोंडांत, आणखी एक इतिहास घरोघरी वास करीत आहे याची दाद त्याला नसते. ओटीवरच्या भिंतीवर गणवेशातली तसबीर, पेटीच्या तळाशी कापडात बांधलेली पदके आणि डिस्चार्ज बुक, आणि माजघरात किंवा अंगणात बसलेला एक वृद्ध, ज्याला गावात नावापेक्षा ‘सुभेदार’ किंवा ‘हवालदार’ म्हणूनच ओळखतात, एवढाच त्या इतिहासाचा दप्तरखाना. यांपैकी पेटीतले कागद अजून काही वर्षे टिकतील. त्या वृद्धाजवळ जे आहे ते मात्र त्याच्याबरोबरच जाईल, कारण ते कोणी कधी विचारले नाही आणि विचारले तरी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही.

युद्धावर गेलेल्या सामान्य शिपायाची हकिकत त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत ऐकावी, यंत्रावर मुद्रित करावी आणि भावी अभ्यासकांसाठी जतन करावी, या उद्योगाला जगात आता मौखिक इतिहास असे शास्त्रीय नाव मिळाले आहे. आपल्याकडे तो नवा वाटत असला तरी त्याचे मूळ आपल्या मातीत खोल गेलेले आहे. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, साक्षीदारांच्या जबान्या होत, त्यांवरून महजर तयार होई. घराण्याचा पूर्ववृत्तांत सांगणारे करीने आणि सरकारास सादर होणाऱ्या कैफियती यांचा पाया ‘वडिलांच्या तोंडून ऐकिले’ किंवा ‘आपल्या डोळ्यांनी पाहिले’ अशाच निवेदनांवर असे. खुद्द शिवछत्रपतींच्या चरित्राचे आद्य साधन जी सभासदाची बखर, तीही सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जिंजीच्या मुक्कामी, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद या जुन्या सेवकाने आठवून सिद्ध केलेली आहे. आज्ञा झाली म्हणून आठवण लिहिली गेली, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहसा माणूस आपण होऊन आठवणी लिहीत नाही. कोणीतरी आस्थेने विचारावे लागते.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. फेब्रुवारी १६७० मधील सिंहगडच्या रात्रीची कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली ती प्रामुख्याने तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. असे पोवाडे गोंधळ्यांच्या मुखी जिवंत राहिले आणि पुढे १८९१ साली ॲकवर्थ आणि शाळिग्राम या द्वयाने ते संकलित करून छापले, म्हणून वाचकांपर्यंत आले. पण त्या रात्री तानाजीबरोबर कडा चढून गेलेले आणि जिवंत परत आलेले जे मावळे, त्यांनी घरी आल्यावर चुलीपाशी बसून काय सांगितले असेल? दोर हाताला कसा काचला, धनी पडला हे कळल्यावर मनाची काय अवस्था झाली, आणि पुढच्या भातलावणीला ते पुन्हा चिखलात उतरले तेव्हा त्या रात्रीतले काय त्यांच्याबरोबर शेतात आले? शाहिराने नायकाचे शौर्य जतन केले, तो त्याचा धर्मच होता. परत आलेल्यांची जबानी मात्र घेतली गेली नाही. या खोऱ्याच्या बाबतीत पुढील साडेतीनशे वर्षेही हाच क्रम चालू राहिला, एवढेच मला या लेखात दाखवावयाचे आहे.

१० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या हाती गेला आणि ज्या प्रदेशाने स्वराज्याच्या फौजेस माणसे पुरविली तोच प्रदेश कंपनीच्या मुंबई फौजेचे भरतीक्षेत्र झाला. त्याची कारणे शौर्याच्या परंपरेत जशी आहेत तशीच जमिनीतही आहेत. येथला पाऊस दांडगा पण जमीन थोडी. खाचरात भात आणि वरकस उतारावर नाचणी-वरी पिकवून वर्षाची बेगमी होत नसे. तेव्हा घरातल्या एकाने मुंबईची गिरणी गाठावी किंवा पलटणीत नाव नोंदवावे, हा व्यवहार पिढ्यांच्या अंगवळणी पडला. महाड तालुक्यातील एका आंबवड्याला तर फौजी आंबवडे हेच नाव पडले आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात असावा ही त्या गावाची रीत. या सर्व प्रदेशात मनीऑर्डर हा शेतीइतकाच उत्पन्नाचा आधार होता.

पलटणीच्या नोकरीचा अर्थ सर्वांना सारखा नव्हता आणि हा भेद दृष्टीआड करून सैनिकांच्या आठवणी ऐकू गेल्यास त्यांतले मर्म हाती लागणार नाही. मराठा कुटुंबाला सैन्य म्हणजे परंपरागत प्रतिष्ठेचे पालन. महार कुटुंबाला तेच सैन्य म्हणजे गावगाड्याच्या जाचातून बाहेर पडण्याचे जवळजवळ एकमेव दार होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दापोलीच्या कँपात पेन्शनरांची वस्ती होती, त्या वस्तीत राहून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली, आणि १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूकही झाली. १८९२ च्या सुमारास, लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून, सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा वलंगकरांनी १८९४ साली जो अर्ज सिद्ध केला त्यात आपल्या लोकांनी पलटणीत केलेल्या पूर्वसेवेचाच दाखला दिला. नोकरीची आठवण हा त्यांच्या हातातला पुरावा होता; तिच्यावर त्यांनी हक्काचा दावा उभारला.

पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. अशा रीतीने दोनदा दार बंद झालेले पेन्शनर आणि त्यांची मुले या परिसरात होती, आणि १९ मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लष्करी नोकरी बंद झाल्याने या भागाची जी अवनती झाली तिचा विस्ताराने विचार केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीची शिस्त ज्यांच्या अंगी मुरलेली होती त्यांपैकी कित्येकांनी ती पलटणीच्या कवायतीत घेतली असणार, असा माझा तर्क आहे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्या काळाच्या आपल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून चळवळीची बाजू आपणास थोडीबहुत दिसते. पण मेसोपोटेमियातून परत आलेल्या एखाद्या महार शिपायाला, परक्या मुलखात ज्या हातांनी बंदूक धरली त्याच हातांनी गावच्या पाणवठ्यावर पाणी घेता येत नाही, हे पहिल्या दिवशी कसे वाटले, ते त्याच्या शब्दांत कोठेही नाही. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि आज ती भारतीय सेनेची एक मानाची रेजिमेंट आहे; तिच्या इतिहासग्रंथांत तुकड्या, मोहिमा आणि पदके यांची नोंद आहे. पाणवठ्याची नोंद त्यांत कशी असावी?

मेसोपोटेमियाचा उल्लेख आला आहे तर तेथे थोडे थांबले पाहिजे, कारण शिपायाची स्मृती कशी पुसली जाते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या वळणावरील कुट या गावी डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. धान्य संपत आले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, अनेक हिंदी शिपायांनी धर्मसंकटामुळे ते मांस नाकारले, आणि धर्मगुरूंच्या संमतीचे संदेश बिनतारी यंत्राने मागवावे लागले. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजारांची फौज शरण गेली. उपाशी आणि आजारी शिपायांना वाळवंटातून पायी चालवीत नेण्यात आले, कित्येक वाटेतच पडले, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर राबविण्यात आले. जे मेले त्यांचे पुढे बसऱ्यास १९२९ साली भव्य स्मारक झाले. त्या स्मारकाच्या शिलांवर ब्रिटिश सैनिकांची, साध्या शिपायासह, नावे कोरली. हिंदी तुकड्यांपुढे मात्र अधिकाऱ्यांची नावे आणि त्याखाली शिपायांची नुसती संख्या. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने एका चौकशी समितीच्या अहवालाद्वारे या असमान वागणुकीची जाहीर कबुली दिली ती २०२१ साली, म्हणजे त्या शिपायांच्या नातवंडांचेही केस पिकल्यावर.

ज्यांची नावेच दगडावर आली नाहीत त्यांचे शब्द कोणी जपणार? जे शब्द उरले आहेत ते दोन चमत्कारिक मार्गांनी उरले आहेत. फ्रान्समधील आघाडीवरून हिंदी शिपायांनी घरी धाडलेली पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचीत आणि त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे पाठवीत. ते अहवाल लंडनच्या दप्तरात सुरक्षित राहिले. ज्याने पत्र लिहिले त्याची मूळ भाषा बहुतांशी लुप्त झाली, आणि शंकेखोर सरकारने आपल्या सोयीसाठी केलेला तर्जुमा तेवढा आज इतिहासकारांच्या हाती आहे. दुसरा मार्ग जर्मनीतला. बर्लिनजवळ व्युन्सडोर्फ येथे हिंदी युद्धकैद्यांची जी अर्धचंद्र छावणी होती तेथे विल्हेल्म डोएगेन याच्या पुढाकाराने प्रशियाच्या ध्वनिलेखन मंडळाने कैद्यांना भोंग्यापुढे उभे करून त्यांच्या भाषा तबकड्यांवर उतरवून घेतल्या. डोएगेन आणि त्याच्या सहकाऱ्यांना हवे होते उच्चार आणि व्याकरण. माणसाच्या सुखदुःखाशी त्यांना कर्तव्य नव्हते. तरी ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाने त्या भोंग्यात स्वतःविषयी त्रयस्थासारखे बोलताना हिंदुस्थानात खाल्लेल्या लोण्याची आठवण काढली आणि परत जाण्याची तळमळ बोलून दाखविली; ती तबकडी बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आहे, आणि शंभर वर्षांनंतरही तो आवाज ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परक्यांनी परक्या हेतूने केलेले एवढेसे मुद्रणही इतके मोलाचे ठरते, तर आपल्या माणसांनी आपुलकीने केलेले किती मोलाचे ठरेल याचा वाचकांनीच विचार करावा.

दुसऱ्या महायुद्धाची कथाही निराळी नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे या जिल्ह्याचे भूषण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्याखाली सापडली आणि त्यांच्याखेरीज सर्वजण ठार किंवा जखमी झाले. तेव्हा हा २२ वर्षांचा तरुण एकटाच धावून गेला. बॉम्ब आणि टॉमीगनने त्याने मोर्चावरील शत्रू संपविले, काडतुसे सरल्यावर बंदुकीचा दस्ता चालविला, आणि अखेर आडून झाडलेल्या गोळीने तो पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावास पुतळा आहे. कबर अज्ञात असल्याने नाव इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर आहे. सन्मानपत्राने त्यांच्या आयुष्यातील काही मिनिटांचा वृत्तांत निर्दोष सांगितला आहे. त्याआधीची २२ वर्षे मात्र त्यात नाहीत: ते कोणाबरोबर भरतीला गेले, जहाजावर त्यांना दर्या लागला की नाही, पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर केरेनचे डोंगर पाहिलेल्या जुन्या हवालदारांकडून ते काय शिकले, घरच्या पत्राची वाट कशी पाहत. ही माहिती देऊ शकणारे त्यांचे सोबती १९४५-४६ साली माणगाव, महाड, पोलादपूर, खेड येथील आपापल्या घरी परत आले, शेती केली, मुलांची लग्ने केली, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण १९८०-९० पर्यंत हयात होते. तोवर ध्वनिमुद्रणाचे यंत्र गावोगाव येऊन पोहोचले होते. लग्नाच्या मांडवात गाणी वाजविण्यासाठी ते आणले जाई. त्या वृद्धांपुढे ते कोणी ठेवले नाही. ही हानी कोणा परसत्तेने केलेली नाही. ती आपल्या अनास्थेने झाली आहे, आणि मला तिचे मनापासून दुःख होते.

अन्यत्र काय झाले ते पाहावे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियमने १९७२ पासून ध्वनिमुद्रित मुलाखतींचा स्वतंत्र विभाग चालविला. अमेरिकेत २००० साली कायदा करून काँग्रेसच्या ग्रंथालयात सैनिकांच्या आठवणींचा संग्रह सुरू झाला, आणि त्याची खुबी अशी की मुलाखत घेण्यास तज्ज्ञच हवा अशी अट नाही: शाळकरी विद्यार्थी, शेजारी किंवा नात यांपैकी कोणीही किमान अर्ध्या तासाची मुलाखत मुद्रित करून पाठवावी, ग्रंथालय ती कायमची जतन करील. आपल्याकडे दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने त्याच साली सैनिकी इतिहासाच्या संशोधनासाठी केंद्र स्थापिले. अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे आपल्याकडे बऱ्यापैकी आहेत, आणि ती वाचनीयही आहेत. परंतु नाईक, हवालदार आणि सुभेदार यांच्या कथनांची गावपातळीवर, मराठीतून, योजनापूर्वक मुद्रणे करण्याचे काम जवळजवळ तसेच पडून आहे.

वेळ किती उरला आहे याचा हिशेब कठीण नाही. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरच्या लढाईत जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, लढली. त्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ चे त्याहून थकलेले. १९६२ चे विरळ झाले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाचे तर हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेले आणि सियाचीनवर राहून आलेले अजून धडधाकट आहेत, पण त्यांनाही आपले बोलणे ऐकण्यासारखे आहे असे कोणी सांगितलेले नाही. बोलण्यासाठी माणसाला कधी कधी फार काळ लागतो. पासेंडेलच्या चिखलात १९१७ साली लढलेला हॅरी पॅच नावाचा इंग्रज शिपाई पत्नीपाशीही त्या युद्धाविषयी बोलला नव्हता. शंभरी गाठल्यावर १९९८ साली कोणी विचारायला आले तेव्हा तो बोलू लागला आणि १११ व्या वर्षी, २००९ साली, निवर्तला. प्रत्येकाला एवढे आयुष्य मिळत नाही.

आता प्रत्यक्ष मुलाखत कशी घ्यावी याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सारे यश तेथेच आहे. पाचाड-महाड भागात हे काम पावसाळ्यात काढू नये: कौलावर आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजात अर्धे बोलणे बुडून जाते. कापणी-झोडणी आटोपल्यावरचे दिवस उत्तम. वृद्धाला सवड असते आणि घरात माणसे कमी असतात. पहिला प्रश्न शौर्याचा कदापि असू नये. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असे विचारणाऱ्यापुढे खरा सैनिक एक तर मिटतो किंवा चित्रपटात ऐकलेली वाक्ये बोलू लागतो. त्याऐवजी त्याचा सैनिकी क्रमांक विचारावा. नातवंडांची नावे विसरलेला म्हाताराही तो क्रमांक एका दमात म्हणतो, पाठ ताठ होते, आणि मग भरतीचा दिवस आपोआप उगवतो: छाती मोजणारा फीत धरून उभा होता, वजन कमी भरेल म्हणून कोणी केळी खाऊन गेले होते, घरी न सांगता पळून आलेले कोण होते. तेथून रेल्वे, बेळगाव किंवा सागर येथील केंद्र, पहिले बूट, पहिली पोळी-डाळ (भात खाणाऱ्या कोकण्याला ती महिनाभर तरी पचत नाही), आणि पहिल्यांदा पाहिलेला बर्फ.

कामाचा तपशील मनःपूर्वक विचारावा. लढाईचे दिवस आयुष्यात थोडे असतात. नोकरीची पंधरा-वीस वर्षे मात्र खंदक खणण्यात, गाड्या चालविण्यात, तारा जोडण्यात, खेचरे सांभाळण्यात, लंगरात शंभर माणसांचा स्वयंपाक करण्यात आणि पहाऱ्यावर जागण्यात गेलेली असतात, आणि ‘मी काय, साधा स्वयंपाकी होतो’ म्हणून जो संकोचतो त्याच्यापाशी पलटणीच्या जीवनाची पुष्कळदा सर्वांत सूक्ष्म माहिती असते. पलटणीत जात कोठे आडवी आली आणि कोठे गळून पडली, हेही विचारावे, पण एकांतात आणि पहिल्या बैठकीत नव्हे. बोलता बोलता वृद्ध थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये; यंत्र चालू ठेवून गप्प बसावे. काही गोष्टी त्या शांततेनंतरच येतात, आणि काही येतच नाहीत. जो विषय त्याला नको तो सोडून द्यावा, कारण मेलेल्या सोबत्याची आठवण उकरून काढण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. मुद्रण कोणी ऐकावे, केव्हापासून ऐकावे, कोणता भाग वगळावा, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे आणि तसा लेख करून घ्यावा.

भाषेविषयी विशेष सावधगिरी हवी. पेन्शनरांची बोली ही महाड-पोलादपूरची मराठी आणि पलटणीतली हिंदुस्थानी यांच्या मिश्रणातून घडलेली स्वतंत्र वस्तू आहे. ‘कमांडर साब बोलले, आगे बढो, मग आम्ही सुटलो’ असे वाक्य कोणी उच्चारले तर ते तसेच उतरवावे. या बाबतीत आपल्याच जिल्ह्याचा एक दाखला फार बोधक आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, १८५७ च्या बंडात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, आणि पंचवीसएक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या विनंतीवरून तो वृत्तांत लिहून काढला. ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला तो मात्र वैद्यांनी संस्कार केलेल्या रूपात. गोडसे भटजींची मूळ भाषा वाचकांस पाहावयास मिळाली ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता छापल्यावर. वैद्यांचा हेतू शुद्ध होता, आणि ते नसते तर हा ग्रंथच झाला नसता. तरीही साठ वर्षे मराठी वाचक एका प्रत्यक्षदर्शी माणसाचा अर्धा आवाज ऐकत राहिला. आज ध्वनिमुद्रणामुळे मूळ आवाज राखणे सुकर झाले आहे. मग तो लिहून काढताना प्रमाण भाषेचा पोशाख चढविण्याचा मोह का धरावा?

यावर कोणी आक्षेप घेईल की म्हाताऱ्याची स्मृती विश्वासार्ह कशी मानावी. तारखा चुकतात, दोन लढाया एकत्र होतात, दुसऱ्याने सांगितलेले स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागते. हे सर्व खरे आहे. म्हणूनच डिस्चार्ज बुक, पदकांवरील अक्षरे, रेजिमेंटचा छापील इतिहास यांच्याशी प्रत्येक कथन ताडून पाहावे. पण चूक आढळली की कथन बाद, असा न्याय करू नये. इटलीतील तेर्नी या गावी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कारखान्यातील तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तो नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात. परंतु आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने जुन्या कामगारांना विचारले तेव्हा अनेकांनी ही घटना १९५३ सालच्या मोठ्या कामगारकपातीच्या संपात झाली असे सांगितले. पोर्तेल्लीने त्यांना खोटे ठरविले नाही. एका साथीदाराचे मरण त्याच्या महत्त्वास शोभेल अशा प्रसंगाशी कामगारांच्या मनाने जोडले होते, आणि हे जोडणे हाच त्यांच्या दुःखाचा इतिहास होता, असे त्याने दाखविले. आमचा एखादा सुभेदार दोन साले एकमेकांत मिसळू लागला तर तारीख टिपणात दुरुस्त करावी. त्याच्या बोलण्यात हात घालू नये.

मुलाखती केवळ पुरुषांच्या घेऊन हे काम पुरे होणार नाही, हे मी आग्रहाने सांगतो. नवरा ‘५६ ए.पी.ओ.’ या पत्त्यावर, म्हणजे नकाशावर कोठेही नसलेल्या जागी, असताना येथे खाचरे कोणी लावली, दरडीखालची वाट तुडवीत डॉक्टरकडे मूल कोणी नेले, पोस्टमनने वाचून दाखविलेल्या पत्रातील न लिहिलेले कोणी ओळखले? १९७१ च्या डिसेंबरात रेडिओपाशी बसलेल्या तरुण स्त्रिया आज आज्या आहेत. स्वेतलाना अलेक्सिएविच हिने सोविएत युद्धातील शेकडो स्त्रियांची कथने गोळा करून १९८५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याने युद्धाकडे पाहण्याची जगाची दृष्टी पालटली, आणि २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. तिला जे दिसले ते सेनापतींच्या दप्तरात कधीच नव्हते. आमच्याकडे तर स्त्रिया आघाडीवर नसल्या तरी युद्धाचा अर्धा भार त्यांनीच घरी वाहिला. ज्यांचे पती परत आले नाहीत त्या वीरपत्नींना वर्षातून एकदा सत्कारास बोलावून शाल-श्रीफळ देतात. त्यांच्याजवळ दोन तास बसून ऐकणारा कोणी असतो का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारतो.

या कार्यास मोठ्या निधीची किंवा नव्या इमारतीची आवश्यकता नाही. आज प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे आणि त्यातले मुद्रणयंत्र जुन्या टेपरेकॉर्डरहून सरस आहे. महाडच्या आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक सत्र या कामाला द्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे निवृत्तांची नोंद असते, तिचा उपयोग त्यांच्या संमतीने व्हावा. जुलै २०२१ मध्ये महापुराचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले तेव्हा कागदांची काय अवस्था झाली असेल ते सांगावयास नको. म्हणून मुद्रणाबरोबरच पेटीतील पत्रे, तसबिरी आणि डिस्चार्ज बुकांची छायाचित्रे घ्यावीत, मूळ वस्तू घरीच राहू द्याव्यात, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात: एक कुटुंबाकडे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक संबंधित रेजिमेंटच्या केंद्राकडे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि विचारणाऱ्याचे नाव उच्चारून घ्यावे. गावातील माजी सैनिकांची यादी करताना हुद्दा किंवा पदके पाहून क्रम लावण्याची प्रवृत्ती होईल, सुभेदार-मेजराच्या घरी आधी आणि शिपायाच्या घरी मागाहून जावेसे वाटेल. तसे न करता यादी वयाने लावावी, ऐंशीच्या पुढच्यांकडे याच हिवाळ्यात जावे, आणि ज्या घरी नवरा-बायको दोघेही हयात असतील तेथे दोघांच्या बैठका वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात.